पावली कम

टोलेडोत जानेवारीत गॅरेज तापायला पाऊण तास लागतो.
रँडल तो पाऊण तास हिशेबात धरत नाही.
वही माझ्याकडे असते, म्हणून मी धरते.

प्लायवूडचे तीन ताव. जुना जाड काचेचा टीव्ही, कुणाच्या तरी तळघरातला.
दोन दांडे, सोळा बटणं,
कडेला ठोकायची काळी पट्टी वीस फूट,
आणि नाणं टाकायचं पत्र्याचं दार,
जे घरात कुणालाच लागत नाही
पण ज्याच्याशिवाय कुणी विकत घेत नाही.

नऊशेला विकलं. खर्च सहाशे चाळीस. तास एकशे दहा.
म्हणजे तासाला सव्वादोन डॉलर नि वर चिल्लर.
बर्गरच्या दुकानात फरशी पुसणारा पोरगा
माझ्या नवऱ्याला नोकरीवर ठेवू शकेल.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. माझ्याकडे लिहिलेलं आहे.

पहिलं मशीन दाताच्या डॉक्टरने नेलं.
घासाघीस करून साठ डॉलर पाडले,
आणि महिन्याने माझ्या दाढेचे पूर्ण घेतले.
दुसरं परत आलं: दार अठ्ठावीस इंच, मशीन एकोणतीस.
तेव्हापासून फोन आला की रँडल
नाव विचारायच्या आधी दाराची रुंदी विचारतो.
शेजारच्या वर्ना बोडनारचं मत असं,
की याची एक पावली कम आहे.
एकोणतीस वर्षं काचेच्या कारखान्यात काढलेला माणूस
लाकडाच्या कडेवरूनही अंगठा जपून फिरवतो,
हे तिने पाहिलेलं नाही.

मग सँडस्कीहून ओपल ट्रिव्हेटचा फोन आला.
दार तीस इंच.
नवरा ऑगस्टमध्ये गेला.
त्या दोघांच्या लग्नाआधी एका लॉन्ड्रीत असलं मशीन होतं.
कपडे फिरत असायचे, हा खेळत असायचा,
आणि सिगारेट पॅनेलच्या डाव्या काठावर ठेवायचा,
दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून.
तिथे डाग होता.
तो डाग हवा, म्हणाली. जमेल का?

रँडलने आधी डाखणीच्या तापल्या टोकाने करून बघितला.
फारच नीटनेटका आला.
फळी फेकली, दुसरी कापली. (अकरा डॉलर.)

मी भांडी विसळत होते आणि वास आला.
अकरा वर्षांनी.
हात तसेच ओले, तोंडात शिव्या तयार,
गॅरेजचं दार उघडलं
तर हा उपड्या बादलीवर बसलेला.
सिगारेट काठावर एकटीच जळत होती.
याचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले,
नजर मात्र हलत नव्हती,
जसं दूध कधी वर येतंय बघावं तशी.
मी काही बोलले नाही. उभी राहिले.
राख वाकली, पडली नाही,
आणि खाली लाकूड हळूहळू तपकिरी झालं.

उरलेल्या एकोणीस त्याने कॉफीच्या ओल्या चोथ्यात पुरल्या.
मी मोजल्या.

बिलात मी लिहिलं: डाग, एक. नऊ डॉलर. पाकिटाची किंमत.
त्याने खोडून पंचवीस सेंट केले.

ती पुतण्याचा ट्रक घेऊन आली.
खेळली नाही. आवाजसुद्धा ऐकला नाही.
बोट डाव्या काठावर नेलं, तिथेच ठेवलं,
आणि पुतण्याला म्हणाली, चल, दोर बांध.
चेक दिला. मग कोटाचे खिसे चाचपून
एक नाणं वेगळं काढलं,
रँडलच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटवली.

ते नाणं बँकेत गेलं नाही.
वहीत तेव्हापासून पंचवीस सेंट जुळत नाहीत,
आणि मी, जी दुधाच्या बिलातले तीन सेंट शोधत रात्री जागते,
ते शोधत नाही.

नवीन मशीन तयार झालं की तो तेच टाकून बघतो.
पावली आत घरंगळते, कुठे तरी अडखळते,
खालच्या डब्यात ठण्णकन पडते.
तो दार उघडून ती परत काढतो, शर्टाला पुसतो.

फोन वाजतोय.
किती इंच, तो विचारतो. नाही, चौकट सोडून.